एकदाच चढलेले आणि पासवाले

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत सर्वाधिक उत्पन्न दाखवणाऱ्या चारशे करदात्यांची यादी दरवर्षी बदलते, आणि त्यातले ७१ टक्के लोक एकदाच येऊन जातात, असं तुमच्या वाचनात आलं. मग ‘तेच ते मूठभर श्रीमंत’ ही तुमच्या सासरेबुवांची ओरड खोटी म्हणायची, की हा आकडाच फसवा?

आकडा खरा आहे. त्यावरून सासरेबुवांशी वाद घालायला निघणार असाल, तर मात्र जरा थांबा.

मी न्यू जर्सीत, एडिसनला, चोवीस वर्षं लोकांची टॅक्स रिटर्न्स भरते. त्या चारशेंपैकी एकही जण माझ्या टेबलासमोर कधी बसलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. पण त्या यादीत जे घडतं तेच शंभरपट लहान मापात माझ्याकडे दर मार्चमध्ये घडत असतं, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

आधी आकडा कुठून आला ते पाहू. इथलं आयकर खातं, म्हणजे आयआरएस, १९९२ ते २०१४ या २३ वर्षांची एक मालिका प्रसिद्ध करत असे. प्रत्येक वर्षी सर्वात जास्त उत्पन्न दाखवणारी चारशे रिटर्न्स घ्यायची, नावं झाकायची आणि बेरजा छापायच्या. २३ वर्षं गुणिले चारशे म्हणजे ९,२०० जागा. या जागांवर साडेचार हजारांहून थोडे जास्त वेगवेगळे करदाते बसून गेले. त्यातले सुमारे ७१ टक्के एकदाच दिसले. दहा किंवा जास्त वेळा दिसलेले फक्त ३ टक्के, म्हणजे जेमतेम एकशे चाळीस.

आता विरार लोकलचा एक ठराविक डबा डोळ्यांसमोर आणा. वर्षभरात त्या डब्यात चढलेल्या प्रत्येक वेगळ्या माणसाचं नाव वहीत लिहिलंत, तर वहीतली बहुतेक नावं एकदाच आलेल्यांची निघतील. कोणी पाहुणा, कोणी इंटरव्ह्यूला निघालेला, कोणी चुकून चढलेला. पण एखाद्या मंगळवारी सकाळी डब्यात डोकावलंत तर निम्म्याहून जास्त सीटांवर पासवाले दिसतील, तेच चेहरे, तीच चौथी सीट, तेच भजन. वही खरी आणि मंगळवारही खरा. फक्त वहीत माणसं मोजली आहेत आणि मंगळवारी जागा.

हाच हिशेब चारशेंच्या यादीला लावा. साडेचार हजारांचे ७१ टक्के म्हणजे साधारण सव्वातीन हजार माणसं, प्रत्येकी एक जागा. ९,२०० पैकी सव्वातीन हजार म्हणजे ३५ टक्के. म्हणजे कुठल्याही एका वर्षीची यादी उचललीत तर सरासरीने तिच्यातले ६५ टक्के लोक असे, जे आणखी कधीतरी यादीत होते किंवा पुढे येणार होते. आणि ते एकशे चाळीस पासवाले? प्रत्येकाच्या किमान दहा जागा धरल्या तरी चौदाशेच्या आसपास जागा होतात, एकूण जागांच्या सुमारे १५ टक्के. माणसांत ३ टक्के, जागांत किमान १५. ७१ चा आकडा फेकणारे ही दुसरी बाजू बहुधा सांगत नाहीत. उलट बाजूने ओरडणारेही ७१ चं नाव काढत नाहीत, हेही खरं. शिवाय १९९२ च्या आधी जे पाच-सात वर्षं यादीत होते आणि १९९२ हे ज्यांचं शेवटचं वर्ष ठरलं, त्यांचीही गणना या मोजणीत ‘एकदाच’मध्ये होते. वही १९९२ मध्ये उघडली आणि २०१४ मध्ये मिटली, त्याला कोण काय करणार.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती म्हणजे या यादीत माणूस पगाराने येत नाही, विक्रीने येतो.

२००७ सालच्या चारशेंचं उत्पन्न पाहिलं तर जवळजवळ दोन-तृतीयांश भांडवली नफा होता. पगार दहा टक्क्यांच्याही खाली. म्हणजे कोणी आयुष्यभर वाढवलेली कंपनी विकली, कोणी शेअर्सचा मोठा गठ्ठा मोकळा केला. कंपनी एकदाच विकता येते. पुढच्या वर्षी विकायला दुसरी नसते, म्हणून नाव गळतं. पासवाले आहेत ते साधारणपणे फंड चालवणारे. त्यांचा धंदाच दरवर्षी काहीतरी विकून नफा काढण्याचा, त्यामुळे ते पुन्हापुन्हा दिसतात.

त्यामुळे यादीचा उंबरठाही बाजाराबरोबर वरखाली होतो. १९९२ मध्ये चारशेव्या माणसाला २ कोटी ४४ लाख डॉलर पुरले. २००० साली, डॉट-कॉमच्या शिखरावर, ८ कोटी ६८ लाख लागले. २००७ मध्ये १३ कोटी ८८ लाख. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, ७ कोटी ७४ लाखांवर काम भागलं. चारशेंच्या सवयी दोन वर्षांत बदलल्या नव्हत्या. पडत्या भावात कोणी विकायला तयार नव्हतं, एवढंच.

माझ्या आठवणीतलं सर्वात बोलकं वर्ष २०१२ आहे. भांडवली नफ्यावरचा वरचा दर तेव्हा १५ टक्के होता आणि १ जानेवारी २०१३ पासून तो वाढणार हे दिसत होतं. झालाही तसाच: २० टक्के आणि वर ३.८ टक्के. त्या डिसेंबरात आमच्या छोट्याशा ऑफिसातही फोन थांबत नव्हता. नेवार्कच्या एका डॉक्टरांनी २७ डिसेंबरला गाडीतून फोन केला, “सगळं विकून टाकू का? सोमवारपर्यंत वेळ आहे ना?” मोठ्या कंपन्यांनी तर लाभांशच अलीकडे ओढले. कॉस्टकोने त्या डिसेंबरात शेअरमागे ७ डॉलरचा खास लाभांश दिला. परिणाम चारशेंच्या यादीत स्वच्छ दिसतो. २०१२ चा उंबरठा १३ कोटी ९७ लाख, २०१३ चा १० कोटी १ लाख. आता २०१२ मध्ये यादीत येऊन २०१३ मध्ये गळालेल्या माणसाला ‘घसरला’ म्हणायचं का? त्याने फक्त तारीख निवडली.

हा तारखेचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण उरलेलं बरंच काही त्यावर उभं आहे. पगारदाराचं उत्पन्न कधी मोजायचं ते त्याचा मालक ठरवतो. मालमत्तावाल्याचं उत्पन्न कधी मोजायचं ते तो स्वतः ठरवतो. विकेपर्यंत वाढलेली किंमत इथल्या कायद्याच्या दृष्टीने उत्पन्नच नसते.

गुंतवणूकदार वॉरन बफे यांचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये निवडणुकीच्या वादात त्यांनी आपल्या २०१५ च्या रिटर्नचे आकडे स्वतःच जाहीर केले. एकूण उत्पन्न १ कोटी १६ लाख डॉलरच्या आसपास, कर सुमारे साडेअठरा लाख. त्या काळात त्यांची संपत्ती सहा हजार कोटी डॉलरच्या घरात होती. आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, चारशेंत बसायला किमान १२ कोटी ६८ लाख लागले होते. म्हणजे जगातल्या पहिल्या पाच-सहा श्रीमंतांतला हा माणूस त्या दाराच्या आसपासही नव्हता, उंबरठ्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही खाली. त्यात लपवाछपवी काही नाही. पगार तेव्हा वर्षाला एक लाख डॉलर, त्यांची कंपनी लाभांश देत नाही (एकदाच दिला होता, १९६७ मध्ये), आणि शेअर ते विकत नाहीत. मग उत्पन्न येणार कुठून?

थोडक्यात, यादी ‘उत्पन्ना’ची आहे आणि आपण वाद ‘संपत्ती’चा घालतोय. सर्वात पक्के श्रीमंत कधीकधी त्या यादीत येतच नाहीत, आणि आयुष्यात एकदाच आलेल्यांची मात्र वर्दळ. पैशांची गरज पडली की विकण्याऐवजी शेअर तारण ठेवून कर्ज काढता येतं, कर्ज हे उत्पन्न नव्हे. आणि मालक गेला की इथे वारसासाठी खरेदी-किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने नव्याने धरली जाते, मधली सगळी वाढ आयकरातून कायमची सुटते. भारतात असं नाही. तिथे आजोबांची जमीन विकली तर आजोबांचाच खरेदीभाव धरावा लागतो, फार तर जुन्या मालमत्तेला १ एप्रिल २००१ चा भाव घेता येतो. इथल्या मराठी मंडळींना हा फरक समजावताना माझी दरवर्षी किमान दोन-चार तासांची चहा-चर्चा होते, आणि त्याचं बिल लावता येत नाही.

चारशेंवरून खाली, एक टक्क्यावर येऊ. तिथली हालचाल जास्त शिकवणारी आहे आणि तिथे माझे गिऱ्हाईकही असतात.

२०२१ मध्ये वरच्या एक टक्क्यात बसायला सुमारे ६ लाख ८३ हजार डॉलर लागले. २०२२ मध्ये महागाई चाळीस वर्षांत नव्हती इतकी असताना हा उंबरठा उलट ६ लाख ६३ हजारांवर आला, कारण बाजार पडला होता. एक टक्क्याचा एकूण उत्पन्नातला वाटाही २६ टक्क्यांवरून २२ वर उतरला. सरकारी अर्थखात्याने १९९६ आणि २००५ ची तीच ती माणसं जोडून पाहिली, तेव्हा १९९६ च्या एक टक्क्यातले निम्म्याहून जास्त लोक २००५ मध्ये त्या गटात नव्हते. आणखी वरच्या टोकाला, दहा हजारांत एक अशा थरात, चौघांपैकी एकच उरला होता. टोक जितकं अणकुचीदार तितकी गळती जास्त. विक्रीवर जगणाऱ्या टोकाचं ते लक्षणच आहे.

दुसरीकडे हर्शल आणि रँक या दोघा समाजशास्त्रज्ञांनी चाळीसेक वर्षं चाललेल्या एका कुटुंब-सर्वेक्षणावरून काढलं की साठीपर्यंत शंभरातले अकरा-बारा अमेरिकन किमान एक वर्ष वरच्या एक टक्क्यात राहून येतात. सलग दहा वर्षं तिथे राहणारे मात्र हजारात सहा.

या दोन आकड्यांच्या मधल्या पोकळीत माझं ऑफिस आहे.

एक जोडपं सांगते. काका-काकू, वय सत्तरीच्या पुढे, दोघेही निवृत्त. १९९१ मध्ये त्यांनी रूट २७ वर चार गाळ्यांची एक बैठी इमारत घेतली होती. एक ड्रायक्लीनर, एक पिझ्झावाला, एक दाताचा डॉक्टर आणि चौथा गाळा कायम रिकामा. पेन्शन, सोशल सिक्युरिटी (सरकारकडून मिळणारं निवृत्तिवेतन) आणि भाडं धरून वर्षाचं उत्पन्न पंचाण्णव हजारांच्या आसपास. २०१९ मध्ये इमारत विकली, नफा अठरा लाख. मी त्यांना दुसरी मालमत्ता घेऊन कर पुढे ढकलायचा मार्ग सांगितला, हप्त्यांनी पैसे घेण्याचाही सांगितला. काका म्हणाले, “आता या वयात भाडेकरूंच्या तुंबलेल्या मोऱ्या कोण बघणार? सगळं एकदम मोकळं कर.” मोकळं केलं. त्या वर्षाच्या रिटर्नवर एकोणीस लाखांचा आकडा उमटला. अठ्ठावीस वर्षांची वाढ, आणि कायद्याला ती एका ओळीत, एका वर्षात दिसली.

नोव्हेंबर २०२० मध्ये काकूंचा फोन. मेडिकेअर म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा; त्याच्या पार्ट बी या भागाचा पुढच्या वर्षीचा हप्ता माणशी १४८ डॉलर ५० सेंट असायला हवा होता, पत्रात ५०४ डॉलर ९० सेंट लिहिले होते. दोघांचे मिळून महिन्याला सातशेहून जास्त डॉलर जादा.

“अगं, आम्ही एवढे श्रीमंत झालो कधी?”

“२०१९ मध्ये, काकू.”

मेडिकेअर दोन वर्षं मागचं उत्पन्न बघतं. उत्पन्न घटलं असेल तर अर्ज करता येतो, पण त्यासाठी ठराविक कारणं आहेत: नोकरी सुटणं, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू, आपत्तीत मालमत्ता जाणं, अशी. आपण होऊन मालमत्ता विकली हे कारण त्यात बसत नाही. कॉलेजच्या आर्थिक मदतीचंही असंच, तिथेही दोन वर्षं आधीचं रिटर्न धरतात. ज्या बापाने मुलगी दहावीत असताना कंपनी विकली, त्याला हे फार वेळाने कळतं. आणि आगाऊ कर भरतानाही दंडापासून सुरक्षित राहायचं तर उत्पन्न दीड लाखाच्या वर असलेल्याला गेल्या वर्षीच्या कराच्या ११० टक्के भरण्याचा सोपा मार्ग असतो. विक्रीच्या पुढच्या वर्षी तो मार्ग कसला सोपा! तिथे मग चालू वर्षाच्या अंदाजाने तिमाहीचा हिशेब मांडत बसावं लागतं.

याला पूर्वी इथे उतारा होता. १९६४ ते १९८६ या काळात आयकरात सरासरीची सोय होती, एखाद्या वर्षी उत्पन्न उसळलं तर मागच्या काही वर्षांवर पसरून कर काढता येई. १९८६ च्या सुधारणेत दर कमी केले आणि ही सोयही काढली. आता ती शेतकरी आणि कोळी यांच्यापुरती राहिली आहे. माझ्या मते ती काढणं चूक होतं. न्यू जर्सीत २०२० पासून दहा लाखांच्या वरच्या उत्पन्नाला १०.७५ टक्के राज्य-कर लागतो, मॅसॅच्युसेट्सने २०२३ पासून दहा लाखांवर जादा ४ टक्के सुरू केले. करोडपतींवरचा कर म्हणून त्याचा प्रचार झाला आणि खऱ्या पासवाल्यांकडून तो घ्यावाच, पण त्याच जाळ्यात आयुष्यात एकदा दुकान विकणाराही सापडतो. कायद्याला माणूस दिसत नाही, वर्ष दिसतं.

राज्यांनाही या चढउताराचा त्रास होतो, तो वेगळाच. फंड-व्यवस्थापक डेव्हिड टेपर २०१५ च्या अखेरीस न्यू जर्सी सोडून फ्लोरिडाला गेले, तेव्हा एका माणसाच्या जाण्याने महसुलाचा अंदाज चुकू शकतो, असं विधिमंडळाच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने समितीपुढे सांगितलं होतं. एक माणूस! आमच्या ऑफिसात तो आठवडाभर विनोद चालला होता की टेपरसाहेबांच्या दारात बर्फ काढायला सरकारनेच माणूस पाठवायला हवा होता.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला येते. एवढी गळती आहे म्हणजे वर जायची वाट पूर्वीपेक्षा मोकळी झाली का? इथे मी सावध आहे. कोपचुक, साएझ आणि साँग यांनी सोशल सिक्युरिटीच्या १९३७ पासूनच्या नोंदी तपासून २०१० मध्ये दाखवलं की पगाराच्या वरच्या एक टक्क्यातल्या माणसाची पुढच्या वर्षीही तिथेच असण्याची शक्यता १९७० च्या दशकापासून फारशी बदललेली नाही. त्याच काळात वरचा वाटा मात्र खूप वाढला. म्हणजे डब्यात चढउतार पूर्वीइतकाच, पण डबा बाकी गाडीपासून बराच पुढे गेलाय. गळतीचा आकडा दाखवून ‘विषमता वाढलीच नाही’ म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरतं.

आणि गळालेला जातो कुठे? चारशेंतून पडलेला माणूस रस्त्यावर येत नाही. दहा कोटी उत्पन्नाचा पुढच्या वर्षी पन्नास लाखांवर येतो, तरी तो एक टक्क्याच्या आत खोलवरच असतो, आणि विक्रीचे पैसे त्याच्या खात्यात असतात. पगार किंवा धंद्यावर एक टक्क्यात आलेल्याचं पडणं जास्त खरं असतं. ओवेन झिदार, एरिक झ्विक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की छोट्या-मध्यम खासगी धंद्यांचा मालक निवृत्त झाला किंवा अकाली गेला की नफा सुमारे तीन-चतुर्थांश घटतो. म्हणजे तो नफा भांडवलाचा कमी आणि मालकाच्या दोन हातांचा जास्त. माझे हाडांचे डॉक्टर, माझे आयटी स्टाफिंगवाले याच जातीचे. पंधरा-वीस वर्षं उंबरठ्याच्या किंचित आतबाहेर करत राहतात, आणि गुडघा किंवा मोठं गिऱ्हाईक गेलं की संपलं. यादीच्या वादात हे लोक कोणालाच दिसत नाहीत.

तेव्हा सासरेबुवांना विचारा की ते माणसं मोजताहेत की जागा, उत्पन्न की संपत्ती, एक वर्ष की दहा. २०१४ नंतर आयआरएसने चारशेंची मालिका थांबवली आणि त्याऐवजी लाखात एक, म्हणजे सुमारे चौदाशे रिटर्न्सच्या थराचे आकडे देते. त्या तक्त्यांत तेच ते लोक पुन्हा आले का, हे दिसत नाही. त्यामुळे ७१ टक्क्यांचा आकडा जो अजून फिरतोय तो त्या जुन्या वहीतलाच.

काका-काकूंचं राहिलं. २०२० चं रिटर्न साधं होतं, व्याज जरा जास्त, भाडं शून्य. त्यावरून २०२२ चा हप्ता ठरला आणि तो नेहमीच्या पातळीवर आला. काकूंनी ते पत्र स्कॅन करून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, “उतरलो एकदाचे.”